ओरछ्याचे तिसरे वैभव

ऐतिहासिक नगर पाहावयास निघालेला प्रवासी तेथे पोहोचताच दोन प्रश्न विचारतो. राजवाडा कोठे आहे? आणि देऊळ कोठे आहे? ही दोन स्थळे पाहून झाली म्हणजे आपण ते नगर पाहिले, असे त्याला वाटते. परंतु एखाद्या नगराला केवळ दोनच वैभवे असतात असे नाही. जेथे माणसाने महाल बांधले आणि देवाला मंदिर दिले, तेथेच नदी, रान आणि पशुपक्षी यांचाही वास असतो. हे तिसरे वैभव पहिल्या दोहोंइतकेच मोलाचे आहे, आणि ते जपण्याची निकड तर आज त्याहूनही अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत एका नगराच्या उदाहरणाने तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. ते नगर म्हणजे बुंदेलखंडातील ओरछा.

ओरछा हे मध्य प्रदेश राज्यात, झाशीपासून सुमारे १६ किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी वसले आहे. बेतवेचे संस्कृत नाव वेत्रवती. कालिदासाच्या 'मेघदूत' काव्यात या नदीचा उल्लेख आहे. अशा या प्राचीन नदीच्या तीरावर सोळाव्या शतकात बुंदेला राजा रुद्रप्रताप याने आपली राजधानी वसविली. ओरछा या शब्दाचा अर्थ 'लपलेले ठिकाण' असा सांगतात. सभोवती खडकाळ जमीन, दाट झाडी आणि फेसाळत जाणारे नदीचे पाणी पाहिले म्हणजे हे नाव किती समर्पक आहे, ते पटते.

प्रथम राजवाड्यांकडे पाहू. येथील राजमहाल बाहेरून साधा दिसतो. त्याच्या भिंतींवर फारशी नक्षी नाही. परंतु आतील दालनांत शिरताच भिंती आणि छते रंगीत चित्रांनी भरलेली आढळतात. विष्णूचे अवतार, रामकथेतील व कृष्णकथेतील प्रसंग तेथे रेखाटलेले आहेत. त्याच्या शेजारी उभा असलेला जहांगीर महाल मात्र बाहेरूनच डोळ्यांत भरतो. मध्ये प्रशस्त चौक, भोवती मजल्यांवर मजले, नाजूक जाळ्या, सज्जे आणि माथ्यावर घुमट अशी त्याची भव्य रचना आहे. राजपूत आणि मोगल या दोन्ही बांधणींचा मेळ तेथे सहज दिसून येतो.

हा महाल राजा वीरसिंहदेव याने मोगल बादशहा जहांगीर याच्या सन्मानार्थ बांधला. या मैत्रीमागचा इतिहास मात्र रक्ताने माखलेला आहे. जहांगीर हा शाहजादा सलीम असताना त्याचे आपल्या पित्याशी, म्हणजे बादशहा अकबराशी वितुष्ट आले होते. अकबराचा विश्वासू मंत्री व विद्वान ग्रंथकार अबुल फजल हा दक्षिणेतून परतत असता, १६०२ साली, सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंहदेवाने त्याला ठार केले. १६०५ मध्ये सलीम तख्तावर आला आणि वीरसिंहदेवाचे भाग्य उजळले. सुंदर वास्तू पाहताना तिच्या सौंदर्याबरोबर तिची ही कथाही आपण जाणली पाहिजे. केवळ 'वा! काय महाल आहे!' असे म्हणणे म्हणजे इतिहास पाहणे नव्हे.

याच वीरसिंहदेवाने १६१३ साली झाशीचा किल्ला बांधविला. पुढे तोच किल्ला मराठ्यांकडे आला आणि १८५८ साली त्याच्या तटावरून राणी लक्ष्मीबाईंनी इंग्रजांशी झुंज दिली. म्हणजे ज्या दगडी तटाची कथा आपण महाराष्ट्रातील मुले मोठ्या अभिमानाने वाचतो, तो तट उभा करणारा राजा या ओरछ्याचाच होता.

आता देवळांकडे वळू. ओरछ्यात श्रीराम हे केवळ देव नाहीत. ते तेथील राजे आहेत. त्यांना 'रामराजा' म्हणतात, आणि आजही पोलीस पथक त्यांना शस्त्रांसह मानवंदना देते. यामागे एक आख्यायिका आहे. राजा मधुकरशहा कृष्णभक्त होता, तर त्याची राणी गणेशकुँवर ही रामभक्त होती. राणीने अयोध्येहून रामाची मूर्ती आणली. मूर्तीसाठी उंच चौथऱ्यावर गगनाला भिडणारे चतुर्भुज मंदिर बांधावयास घेतले होते. ते पुरे होईपर्यंत मूर्ती राणीच्या महालात ठेवण्यात आली. मंदिर तयार झाले, परंतु मूर्ती जागची हलेना! तेव्हापासून राणीचा महाल हेच रामाचे मंदिर झाले आणि रामासाठी बांधलेल्या त्या प्रचंड मंदिरात राम गेलेच नाहीत. आख्यायिका ही इतिहासासारखी कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. परंतु एखाद्या गावाचे मन कसे घडले, हे तिच्यावरून कळते.

राजवाडे आणि देवळे ही दोन वैभवे अशी आहेत. आता नदीकाठी चला.

बेतवेच्या घाटावर बुंदेला राजांच्या चौदा-पंधरा छत्र्या रांगेने उभ्या आहेत. छत्री म्हणजे मृत राजाच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू. या छत्र्या उंच आहेत, आणि संध्याकाळच्या उन्हात त्यांची प्रतिबिंबे नदीच्या पाण्यात तरंगू लागली की पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो. १७८३ साली राजधानी ओरछ्याहून आजच्या टीकमगढला हलली. दरबार गेला, हत्तीघोडे गेले, चौघडा थांबला. पण छत्र्या ओस पडल्या नाहीत. मान वर करून त्यांच्या शिखरांकडे नीट पाहा. तेथे कोनाड्यांत आणि कळसांच्या आधाराने मोठाले, तपकिरी रंगाचे पक्षी बसलेले दिसतील. ती गिधाडे आहेत.

गिधाड हा शब्द ऐकताच तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. एखाद्या लोभी माणसाची निंदा करावयाची असली म्हणजे आपण त्याला गिधाड म्हणतो. मोर पाहावयास सगळे धावतात. गिधाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याचे डोके व मान जवळजवळ उघडी, चाल बेढब आणि आहार मेलेल्या जनावरांचा. मग अशा पक्ष्याला वैभव कसे म्हणावे?

याचे उत्तर त्याच्या कामात आहे. रानात किंवा गावाबाहेर एखादे ढोर मरून पडले म्हणजे गिधाडे आकाशातून ते पाहतात. वास घेत ती येत नाहीत. त्यांची दृष्टीच विलक्षण तीक्ष्ण असते. एक गिधाड खाली झेपावले की दुरून त्याला पाहणारे दुसरे येते, त्याला पाहून तिसरे, आणि थोड्याच अवधीत थवा जमतो. पाहता पाहता तेथे केवळ हाडे उरतात. सडलेल्या मांसातील रोगजंतू त्यांच्या पोटातील तीव्र आम्लात बहुतांशी नष्ट होतात. मानेवर दाट पिसे नसतात, म्हणून घाण तेथे चिकटून राहत नाही. ज्याला आपण कुरूप म्हणतो, ते रूप त्याच्या कामासाठीच घडलेले आहे. आणि हाच बेढब पक्षी दोन मीटरांहून अधिक रुंद पंख पसरून तापलेल्या हवेच्या झोतावर आरूढ होतो, तेव्हा पंख न हलवता तो तासन् तास आकाशात तरंगतो. त्या वेळी त्याला कुरूप म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

भारतीय गिधाड, ज्याला लांब चोचीचे गिधाड असेही म्हणतात, ते बहुधा उंच कड्यांच्या कपारीत घरटे करते. ओरछ्याच्या छत्र्या त्याला कड्यांसारख्याच उपयोगी पडल्या. राजांच्या स्मृतीसाठी माणसाने दगडावर दगड चढविला आणि पक्ष्यांना त्यात घर सापडले! अशा वेळी वास्तू कोठे संपते आणि रान कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. म्हणूनच या दोहोंचा विचार वेगवेगळा करू नये, असे मला वाटते.

आता या पक्ष्यावर कोणते संकट कोसळले ते ऐका. एके काळी आपल्या देशात गिधाडे इतकी होती की, त्यांची संख्या कोटींमध्ये असावी असा जाणकारांचा अंदाज आहे. १९९० नंतरच्या काळात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांमागे जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांपैकीही शंभरांमागे सुमारे ९७ नाहीशी झाली. त्यांची कोणी शिकार केली नव्हती. त्यांच्यावर साथही आली नव्हती. अखेर २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढले. गुरांच्या अंगाला सूज आली किंवा वेदना होऊ लागल्या की त्यांना डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत असत. औषध दिल्यानंतर लवकरच ते जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती थोड्याच दिवसांत मरत.

गिधाडे गेली तेव्हा त्यांचे काम करणारे कोणी उरले नाही. मेलेली ढोरे उघड्यावर सडू लागली, त्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजसारख्या भयंकर रोगाची भीतीही वाढली. ज्याच्याकडे आपण तिरस्काराने पाहत होतो, तो आपल्या गावाचा बिनपगारी सफाई कामगार होता, हे तो गेल्यावर आपल्याला कळले.

येथे कोणी म्हणेल, "शेतकऱ्याच्या बैलाला वेदना होत असताना त्याने औषध देऊ नये की काय?" हा आक्षेप योग्य आहे. ज्याचा संसार एका बैलजोडीवर चालतो, त्याने पक्ष्यासाठी बैलाचे हाल करावेत, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तशी वेळच येत नाही. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गुरांना गुणकारी आहे आणि गिधाडांना ते अपाय करीत नाही. म्हणून २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास बंदी घातली. तरीही माणसांसाठी असलेल्या त्याच औषधाच्या मोठ्या कुप्या चोरून गुरांसाठी वापरल्या जात. त्यामुळे २०१५ मध्ये त्या कुप्यांच्या आकारावरही मर्यादा आली. पुढे २०२३ मध्ये असिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन या आणखी दोन घातक औषधांचा गुरांसाठी वापर बंद करण्यात आला. प्रश्न बैल की गिधाड असा नाही. योग्य औषध की अयोग्य औषध, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, पक्ष्यांच्या विष्ठेने या सुंदर छत्र्या घाण होतात, तेव्हा त्यांना तेथून हुसकून लावावे. या आक्षेपातही काही तथ्य आहे. वास्तूची निगा राखलीच पाहिजे. पण थोडा हिशेब करून पाहा. छत्रीची भिंत तडकली तर कुशल गवंडी ती दुरुस्त करू शकतो. चुन्याच्या घाणीत चुना मळता येतो, खाणीतून दगड आणता येतो, डाग धुता येतो. गिधाडाचे तसे नाही. त्याची मादी वर्षातून एकच अंडे घालते. नर आणि मादी आळीपाळीने ते अंडे उबवितात. त्याला दीड महिन्याहून अधिक काळ लागतो. पिल्लू बाहेर आल्यावरही ते उडू लागेपर्यंत आणखी काही महिने जातात, आणि ते मोठे होऊन स्वतः घरटे करीपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. एका वर्षी घरटे उधळले गेले म्हणजे त्या जोडप्याचे सबंध वर्ष वाया गेले. म्हणून छत्र्यांची दुरुस्ती अवश्य व्हावी, परंतु हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत, जेव्हा घरट्यांत अंडी व पिल्ले असतात, तेव्हा वरच्या मजल्यांवर पराती-फावड्यांचा गलबला होऊ नये. प्रवाशांनाही त्या काळात शिखरांपर्यंत चढू देऊ नये. इतका नियम पाळणे कोणालाही जड जाणार नाही.

ओरछ्याचे रान केवळ छत्र्यांपुरते नाही. बेतवा आणि जामनी या नद्यांच्या मधल्या भूभागात १९९४ साली अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस किलोमीटर आहे. तेथे चितळ, नीलगायी, वानरे, कोल्हे, मोर आणि पाणपक्षी आढळतात. महालाच्या गच्चीवरून या रानाकडे पाहिले म्हणजे जुन्या राजांनी हीच जागा का निवडली असावी, ते उमगते. नदीने पाणी दिले, रानाने आसरा दिला. मग महाल उभे राहिले. नगराच्या जन्मकथेत रानाचा वाटा पहिला आहे, आणि आपण मात्र नगर पाहताना त्याला शेवटचा क्रमांक देतो, किंवा तेवढाही देत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे नगर रामाचे आहे, आणि रामकथेत गिधाडाचे स्थान कोणते आहे? रावण सीतेला पळवून नेत असताना त्याच्या वाटेत आडवा आला तो जटायू. तो वृद्ध होता, एकटा होता, आणि समोर दशानन होता. तरी तो मागे हटला नाही. पंख छाटले जाऊन तो भूमीवर पडला. त्याने रामाला सीतेची वार्ता सांगितली आणि प्राण सोडला. तेव्हा रामाने त्याला पित्यासमान मानून स्वतः त्याचे अंत्यसंस्कार केले. आपल्या महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यात टाकेद येथे जटायूची आठवण जपणारे तीर्थ आहे. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पिल्ले वाढविण्याचे केंद्र आहे; त्यालाही जटायूचेच नाव दिले आहे. ज्या पक्ष्याला रामाने पित्याचा मान दिला, त्याला रामराजाच्या नगरीत घाण करणारा पाहुणा म्हणून हाकलणे शोभेल काय?

या सर्व प्रयत्नांना थोडे यश येऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मध्य प्रदेशात २०१६ पासून राज्यभर गिधाडांची गणना होऊ लागली. सर्व जातींची मिळून २०२१ मध्ये ९,४०० हून अधिक, तर २०२४ मध्ये १०,००० हून अधिक गिधाडे मोजली गेली. एके काळच्या कोटींपुढे ही संख्या अल्प आहे. तथापि उतरणीला लागलेली गाडी थांबवता येते, एवढा धीर तिने निश्चित दिला आहे.

मुलांनो, मोठी कामे सरकारने आणि शास्त्रज्ञांनी करावयाची आहेत. परंतु काही कामे तुमच्याही हातची आहेत. घरी गुरे असतील आणि डॉक्टर आले, तर गुराला दिलेले औषध गिधाडांना घातक तर नाही ना, हे नम्रपणे विचारा. जुन्या वास्तूच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणाऱ्याला जसे थांबवाल, तसेच घरट्याच्या दिशेने दगड भिरकावणाऱ्यालाही थांबवा. दोघेही सारखाच अपराध करीत असतात. आणि ओरछ्याला किंवा अशा दुसऱ्या एखाद्या नगराला सहलीस गेलात, तर महाल पाहा, रामराजाचे दर्शन घ्या, आणि मग अर्धा तास नदीकाठी शांत बसून वर पाहा. जवळ वही ठेवा. किती पक्षी दिसले, कोणत्या छत्रीवर दिसले, घरट्यात पिल्लू होते काय, हे तारीख घालून लिहून काढा. पुढच्या वर्षी तुमच्या शाळेतील दुसरी मुले तेथे गेली म्हणजे ही वही त्यांच्या हाती द्या. त्यांनाही त्याच छत्रीवर, त्याच कोनाड्यात तो पक्षी दिसला, तर त्याच्या पुढे तेवढीच एक ओळ त्यांनी लिहावी.